पंचेचाळीस लिटरांची भेट

मित्रांनो, माणसांची ओळख नावाने होते, माझी तहानेने होते. मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "किती देते?" म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये मी किती किलोमीटर पळते. माझ्या खिडक्या, माझी शेगडी, माझे पडदे यांची चौकशी नंतर. मला याचे आता वाईट वाटत नाही. मी एक जुनी घरगाडी आहे, वय वर्षे एकवीस, आणि मी किती देते याचे उत्तर मला स्वतःलाच फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

घरगाडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली नसेल. पुढून मी साधी मालवाहू गाडी दिसते, मागून घर. आत एक पलंग आहे, दोन बर्नरची शेगडी आहे, दोन कपबशा मावतील एवढे बेसिन आहे, कपाट आहे, पाण्याची टाकी आहे आणि एक चिमुकले न्हाणीघर आहे. पाहायला आलेली माणसे न्हाणीघराबद्दल सगळ्यात शेवटी बोलतात, पण दार मात्र त्याचेच आधी उघडतात.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. इंजिन, चाके आणि पुढचा भाग एका मोठ्या कारखान्यात झाला. मागचे घर मात्र एका लहानशा सुतारशाळेत बांधले गेले. तिथला मुख्य सुतार बुटका होता आणि त्याच्या कानावर कायम पेन्सिल असे. चालकाच्या डोक्यावर आणखी एका माणसाची झोपायची सोय हवी, असे त्याने मनावर घेतले आणि माझ्या पुढच्या काचेच्या वर, पुढे झुकलेला झोपायचा माळा म्हणून, एक भलेमोठे कपाळ काढले. रंगाऱ्याने नाक मुरडले. एवढे कपाळ वारा अडवणार, गाडी डिझेल पिणार, असे तो म्हणाला. सुताराने रंधा मारता मारता उत्तर दिले, "वारा अडला तर अडू दे. माणूस तर झोपेल."

दोघांचेही खरे ठरले. माझे निम्मे आयुष्य रंगाऱ्याचे म्हणणे खरे करण्यात गेले. सुताराचे खरे व्हायला पुष्कळ वाट पाहावी लागली.

माझे पहिले मालक फरशीचे मोठे व्यापारी होते. त्यांनी मला नवी कोरी घेतली आणि किती देते हे एकदाही विचारले नाही. टाकी अर्धी झाली की ते पंपावर थांबत आणि "भर" एवढेच म्हणत. मी थांबले की माणसे गोळा होत, खिडकीला नाक लावून आत बघत आणि मला चाकांवरचा महाल म्हणत. माझे पाय जमिनीवर राहिले ते केवळ टायर होते म्हणून. बारा वर्षे मी अशी मिरवले. मग त्यांची मुले मोठी झाली, घरगाडीतून फिरणे त्यांना कंटाळवाणे वाटू लागले, आणि डिझेलही महागले. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर माझा उल्लेख पांढरा हत्ती असा झाला. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आले. पुढच्याच आठवड्यात मी जुन्या गाड्यांच्या दलालाकडे जाऊन उभी राहिले.

तिथे पाच वर्षे गेली. ऊन सोसले, पाऊस सोसला, माझे टायर खालून चपटे झाले. एका मांजरीने माझ्या पलंगावर तीन पिले घातली. तेवढाच काय तो सहवास. गिऱ्हाईक आले की दलाल माझ्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारी. बाकी दिवस त्याला माझी आठवण नसे. "किती देते?" या प्रश्नाला त्याच्याकडे ठरलेले उत्तर नव्हते. तो आधी समोरच्याचे बूट बघत असे. बूट चकचकीत असले की मी आठ देई, झिजलेले असले की बारा. स्लिपर घालून आलेल्या एका माणसाला त्याने पंधरा सांगितले, तेव्हा मलाच लाज वाटली.

आणि मग एका सकाळी काटेकाका आणि काकी आले.

काकांचे हे नाव त्यांच्या धंद्यावरून पडले होते. ते वजनकाटे दुरुस्त करत. किराणा दुकानातला तराजू असो, सोनाराचा नाजूक काटा असो की धान्याच्या गोदामातला मोठा काटा, बिघडला की काकांना बोलावणे जाई. एखाद्या काट्यात चिमूटभर फरक असला तरी त्यांना तो खुपत असे. काकींनी अडतीस वर्षे शिवणयंत्रावर वाकून लोकांचे कपडे शिवले होते आणि त्यात त्यांची पाठ गेली होती. तासाभरापेक्षा जास्त बसले की पुढचे चार दिवस त्यांना अंथरुणातून उठवत नसे. आडवे पडून मात्र त्या कुठेही जाऊ शकत होत्या, आणि म्हणूनच त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घरगाडी घ्यायची होती.

जायचे एकाच ठिकाणी होते. काकींची थोरली बहीण, सगळे तिला ताई म्हणत, दोनशे चाळीस किलोमीटर दूर एकटी राहत होती. लग्न होईपर्यंत या दोघी बहिणी एकाच गादीवर झोपलेल्या. काकींना सुईत दोरा ओवायला शिकवला तोही ताईनेच. आता एकीला बसवत नव्हते आणि दुसरीला गाडी लागत होती. बसमध्ये अर्धा तास झाला, की ताईच्या पोटात ढवळायला लागे. त्यामुळे सहा वर्षे दोघींची भेट झाली नव्हती. दर रविवारी फोन होत, आणि फोन ठेवल्यावर काकी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हे सगळे मला नंतर कळले, कारण घरगाडीत राहणारी माणसे गाडीला ऐकू येत नाही असे समजून बोलतात.

काकांनी घर चालवून हिशेब बसवला होता. महिन्याला पंचेचाळीस लिटर डिझेल झेपेल, त्याहून थेंबभरही जास्त नाही. जाऊन येऊन चारशे ऐंशी किलोमीटर. म्हणजे अकरा देणारी गाडी मिळाली, तर दोघी बहिणी दर महिन्याला भेटणार. सहा देणारी घेतली, तर दोन महिन्यांतूनही एकदा जेमतेम. मित्रांनो, तोवर मला वाटायचे की "किती देते" हा पैशांचा प्रश्न आहे. या दोघांच्या बाबतीत तो भेटींचा प्रश्न होता.

दलालाने आधी एक नवी, मोठी गाडी दाखवली. ती सहा देत होती. काकांनी तिचे दार उघडले तसेच लावून टाकले. दुसरी पेट्रोलवर चालणारी, आवाजाला गोड, पण चढावर माझ्याहून तहानलेली. तिसरी छोटी, ठेंगणी, आणि चक्क चौदा देणारी. काकांचे डोळे चमकले. पण तिच्यात पलंग नव्हता. पुढच्या खुर्च्या मागे पाडायच्या, मधे फळी टाकायची आणि पाय गुडघ्यांत दुमडून पडायचे. काकी दहा मिनिटे पडल्या आणि काकांचा हात धरून उठल्या.

मग त्या माझ्यात आल्या. दलाल काकांना शेगडीचे गुणगान ऐकवत होता. त्याचे सांगून झाले, तरी काकी पलंगावरून उठेनात. काकांनी वाकून पाहिले, तर त्यांना झोप लागली होती. मांजरीनंतर माझ्यात कोणी इतके निर्धास्त झोपले नव्हते. माझा जीव त्याच वेळी त्यांच्यावर जडला.

काकांचा जीव मात्र आकड्यांवर. "किती देते?" असे त्यांनी विचारले. दलालाने त्यांच्या बुटांकडे पाहिले आणि तोंड उघडले, तेवढ्यात काका म्हणाले, "तुम्ही सांगू नका. टाकी काठोकाठ भरू, मी चालवून आणतो, परत काठोकाठ भरू. जेवढं आत जाईल तेवढं हिने प्यायलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कालव्याच्या सपाट रस्त्यावरून साठ किलोमीटर नेले आणि साठ परत आणले. वेग पंचावन्न. कपाटे रिकामी, पाण्याची टाकी रिकामी, झाडाचे पान हलत नव्हते. पंपाच्या आकड्यावर भरवसा नको, म्हणून डिझेल त्यांनी स्वतःच्या पाच लिटरच्या तपासलेल्या मापाने भरले. पंपावरचा माणूस रुसला. दहा लिटर आणि वर नऊशे मिली आत गेले. अकरा, अगदी बरोबर अकरा. काकांनी तिथूनच ताईला फोन लावला आणि दर महिन्याचा पहिला शनिवार तिच्या नावे करून टाकला.

मित्रांनो, मी खोटे बोलले नव्हते. पण रिकाम्या पोटी, सपाट रस्त्यावर, वारा नसताना कोणीही शहाण्यासारखे वागते. मला विचारले असते, तर मी हे सांगितले असते. गाड्यांना कोणी विचारत नाही.

पहिल्या शनिवारची तयारी आठ दिवस चालली. काकींनी पलंगाला नवे अभ्रे शिवले, कपाटात भांडी लावली, ताईसाठी बरण्या भरल्या, एक जाडजूड गोधडी घेतली. काकांनी पाण्याची टाकी काठोकाठ भरली, छतावर एक पत्र्याची पेटी बांधली, तिच्यात घडीच्या खुर्च्या, दोऱ्या, जॅक आणि आणखी काय काय भरले. आणि सगळ्यात शेवटी, रोज कामाला निघताना करत तेच त्यांनी केले. आपल्या कामाची पेटी माझ्या मागच्या कप्प्यात ठेवून तिच्यात आपली हत्यारे एकेक करून भरली. त्या पेटीशिवाय काका कुठेही जात नसत. वाटेत कुणाचा काटा बिघडलेला निघाला तर, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्या प्रवासाला मी निघाले ती धापा टाकतच. काका मला ऐंशी-पंच्याऐंशीने पळवत होते. माझ्या कपाळावर समोरचा वारा असा येत होता, की जणू कोणी हाताने मागे ढकलते आहे. बहिणी भेटल्या, ते मी खिडकीतून पाहिले. दोघी उंबऱ्यातच इतका वेळ उभ्या राहिल्या, की शेवटी काकांनी त्यांच्या बाजूने अंग चोरून बरण्या आत नेल्या. दोन दिवस आनंदात गेले. परत आल्यावर काकांनी माझी टाकी भरली, आणि त्यांचा चेहरा पडला. चौसष्ट लिटर. म्हणजे साडेसात.

पुढच्या महिन्याचे एकोणीस लिटर मी आधीच पिऊन टाकले होते. दुसरा पहिला शनिवार आला आणि गेला, आणि मी शेडमध्येच उभी राहिले.

गाडीवर भार जास्त झाला, हे काकांच्या लक्षात आले. ते बरोबरच होते. मग त्यांनी घरातला काटा आणला आणि काकींचे सामान तोलायला घेतले. लोखंडी तवा गेला. गोधडी गेली. बरण्या अर्ध्या झाल्या. भांडी चारवर आली. काकींनी वाचायला ठेवलेली दोन मासिके होती, त्यांतले एक गेले. काकांनी त्यांची उशीसुद्धा काट्यावर ठेवली आणि आकडा लिहून घेतला.  प्रत्येक वस्तू काकी स्वतः उचलून घरात नेऊन ठेवत होत्या. ताईला भेटायचे तर हे करावे लागणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा निघालो. काकींचे सामान आता चाळीस किलोच होते, तरी मी बासष्ट लिटर प्यायले. चौथा शनिवार पुन्हा शेडमध्ये. त्या रविवारच्या फोनवर ताई काकींना म्हणाली, की पहिला शनिवार म्हणून मी तुझ्यासाठी उशी उन्हात टाकली होती गं, मग आत घेतली. काकी हसल्या, आणि फोन ठेवून माझ्यात येऊन पडून राहिल्या.

काकांनी हात टेकले. दलालाने फसवले, गाडी भिकार निघाली, आता ही देऊन ती चौदावाली घ्यायची, असे त्यांनी ठरवले. तिच्यात तुला पाय लांब करता येणार नाहीत, चालेल का, असे त्यांनी काकींना विचारले. काकी म्हणाल्या, चालेल मला. मित्रांनो, मी त्या पाठीला जवळून ओळखत होते. त्या पाठीला ते चालणार नव्हते. चौदा देणारी गाडी दारात उभी राहिली असती आणि काकींना तिच्यातून दुसऱ्या वेळी जाताच आले नसते. 

मला परत द्यायला निघालो त्या दिवशी काकी शेवटचे म्हणून माझ्या पलंगावर पडून आल्या. सामान तिथेच छोट्या गाडीत हलवायचे, म्हणून ते माझ्यातच होते. दलालाच्या आवाराला लागून एक भंगाराचे गोदाम होते. तिथे ट्रक तोलायचा जमिनीतला मोठा वजनकाटा होता. गोदामवाल्याने काकांना ओळखले आणि धावतच आला. चार दिवसांपासून गिऱ्हाईके काट्यावरून भांडत होती, तो चुकतोय असे म्हणत होती. काका एवढ्या दुःखातही थांबले, कारण चुकणारा काटा टाकून पुढे जाणे त्यांना जमत नाही. आयती गाडी आहेच, म्हणून त्यांनी मला काट्यावर चढवले आणि खाली उतरून आकडा पाहिला. तीन हजार चारशे किलो.

काकांनी माझ्या दाराजवळची पट्टी वाचली. रिकामी असताना माझे वजन दोन हजार आठशे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. डिझेलचे चाळीस धरले. काकी आत पडलेल्या, त्यांचे साठ. पाण्याची टाकी भरलेलीच राहिली होती, तिचे दीडशे. छतावरच्या पेटीचे सत्तर. काकींच्या सामानाचे चाळीस. बेरीज तीन हजार एकशे साठ. काट्यावर दोनशे चाळीस किलो जास्त दिसत होते.

"काटा दोनशे चाळीसने चुकतोय," काका म्हणाले. गोदामवाल्याचा चेहरा उतरला. काका म्हणाले की घाबरायचे कारण नाही, तपासून बघू. काटा तपासायचा तर त्यावर माहितीतले वजन ठेवायचे आणि आकडा तेवढाच वाढतो का ते पाहायचे. त्यांनी माझा मागचा कप्पा उघडला आणि आपल्या कामाच्या पेटीचे झाकण उचलले. तिच्यात त्यांची लोखंडी वजने होती, वर कडी असलेली, दर महिन्याला तेल लावून पुसलेली. त्यांतले एक त्यांनी उचलून माझ्या चाकाशेजारी काट्यावर ठेवले. आकडा हलला नाही. दुसरे ठेवले. आकडा तोच. तिसरे, चौथे, पाचवे. काकांनी पायाने काटा ठोकून पाहिला. काटा अडकलाय, असे ते पुटपुटले आणि घाम पुसत उरलेली सगळी वजने माझ्या पोटातून काढून काट्यावर मांडली. आकडा तीन हजार चारशेच.

काकी उठून माझ्या दारात आल्या होत्या. त्यांनी ती रांग बघितली, आणि आयुष्यभर शिवणाच्या गिऱ्हाइकांशी बोलताना ठेवत तसा आवाज खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, ही किती किलोची असतात?"

"वीस-वीस."

"आणि किती आहेत?"

काकांनी मोजायला बोट उचलले आणि ते तसेच राहिले. वजने बारा होती. ती माझ्यातून काढून काट्यावरच ठेवली, तर आकडा वाढणार कसा? काट्यात काहीच बिघाड नव्हता. दोनशे चाळीस किलो लोखंड काका दर फेरीला ताईकडे घेऊन जात होते आणि परत आणत होते. ज्या माणसाने सगळ्या गावाचे काटे तपासून दिले, त्याला आपली वजने हा भार आहे असे कधी वाटलेच नव्हते. ती त्यांची हत्यारे होती.

दलाल छोट्या गाडीची किल्ली बोटावर फिरवत कुंपणाशी उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते माझ्या पायरीवर बसले. 

"मी तुझी उशी तोलली," ते म्हणाले.

"सातशे ग्रॅम भरली होती," काकी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

काकांना मान वर करवेना. मग त्यांनी विचारले, "आणखी काय धरलं नाही मी?"

 काकी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या, बसायला त्रास होतो तरी. "तुमची घाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही पंच्याऐंशीनं नेता ना, प्रत्येक खड्डा माझ्या पाठीत बसतो. हळू नेलीत तर मला दिवसभर काही होत नाही."

"मग बोलली का नाहीस? तुला त्रास कमी वेळ व्हावा म्हणून पळवत होतो मी."

"म्हणूनच नाही बोलले. माझ्यासाठी पळवताय, तुम्हाला हळू चला कसं सांगू?"

मित्रांनो, मी लोखंडाची आणि प्लायवूडची आहे. तरी त्या दिवशी माझ्या खिडकीच्या काचा आतून ओलावल्या. ऊन होते, आत माणसाचा श्वास होता, असे त्याचे कारण कोणी सांगेल. सांगू दे.

दलालाला नमस्कार करून आम्ही परत निघालो, पण त्याआधी काकांनी त्याच्याच पंपाने माझ्या टायरांत हवा भरून घेतली. चारही टायर उपाशी निघाले. पाच वर्षे उभे राहून ते दमले होते आणि दलालाने ते दिसण्यापुरते फुगवले होते. घरी आल्यावर छतावरची पेटी उतरली. पाणी ताईच्या गावाजवळ पोहोचून भरायचे ठरले. बारा वजने दुकानातल्या फळीवर गेली. आणि काकांनी काकींचा तवा, गोधडी, दोन्ही मासिके आणि सगळ्या बरण्या एकेक करून परत आत आणल्या. काकींना त्यांनी एका वस्तूला हात लावू दिला नाही.

मग त्यांनी माझी पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी सामान भरलेले, काकी पलंगावर, चढ-उताराचा खरा रस्ता आणि वेग साठ. मी जीव तोडून पळाले. मनात सारखे एकच, अकरा, अकरा. पण कपाळ काही कापून ठेवता येत नाही. दहा पूर्णांक दोन निघाले.

काका कागद घेऊन बसले. पंचेचाळीस लिटरांत मी चारशे एकोणसाठ किलोमीटर जाणार होते, आणि लागत होते चारशे ऐंशी. एकवीस किलोमीटर कमी. दोन लिटरांनी घास तोंडाशी येऊन थांबला. जाताना साडेदहा कमी, येताना साडेदहा कमी. रविवारी फोनवर काकींनी ताईला सगळे सांगितले, वजनांची गोष्टही सांगितली, आणि दोघी इतक्या हसल्या की काका उठून बाहेर गेले. मग काकींचा आवाज बारीक झाला. दर महिन्याला जमणार नाही गं, थोडक्यात हुकतंय, असे त्या म्हणाल्या.

ताईने फोन काकांना द्यायला सांगितला.

"भावोजी, तुमची गाडी कुठपर्यंत पोहोचते?"

"तुमच्या घराच्या साडेदहा किलोमीटर अलीकडे."

"म्हणजे तलावाच्या बंधाऱ्यापर्यंत. तिथे माझी नऊची बस थांबते. वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात काही मला गाडी लागत नाही." ताई पुढे म्हणाली, "घर तुम्हीच घेऊन येताय ना? मग माझ्याच घरी कशाला यायला हवं?"

काका कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभे राहिले, पलीकडून ठेवला गेला तरी.

त्याला आता चार वर्षे झाली. इतक्या महिन्यांत दोनच शनिवार चुकले, एकदा काकांना ताप आला म्हणून आणि एकदा माझ्या इंजिनातल्या पंख्याचा पट्टा तुटला म्हणून. मी साठने जाते. मागचे ट्रक कर्णे वाजवतात आणि पुढे निघून जातात. बंधाऱ्याजवळच्या नळावर माझी टाकी भरते. शेगडीवर चहा ठेवला जातो. रात्री दोघी बहिणी माझ्या पलंगावर शेजारी शेजारी झोपतात, लहानपणी झोपत तशा, आणि निम्मी रात्र कुजबुजत असतात. काका शिडी चढून माझ्या कपाळात जातात आणि तिथे पाय ताणून घोरतात. त्या बुटक्या सुताराला हे दाखवावे, असे मला फार वाटते. वारा अजूनही अडतो. पण माणूस झोपतो आहे.

मला आता महाल कोणी म्हणत नाही. माझा रंग उडाला आहे, एका दाराची कडी दोऱ्याने बांधली आहे. तरी मी सुखात आहे. काका दर शुक्रवारी माझ्या टायरांतली हवा तपासतात, इंजिनाची हवेची गाळणी पुसतात, कपाटात विनाकारण काय राहिले आहे ते पाहतात. सवय म्हणून त्यांनी खिशात एक पितळी वजन ठेवले आहे, दोनशे ग्रॅमचे, आणि निघताना ते हिशेबात धरतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कधी गाडी घ्यायची ठरली, तर तिने किती द्यावे हे जरूर विचारा. पण रिकामी पळवून विचारू नका. तुमचे सामान, तुमची माणसे आणि तुमचा रस्ता घेऊन विचारा. तिच्या टायरांत हवा ठेवा. दुसऱ्याची उशी कमी करण्याआधी आपली पेटी उघडून बघा. आणि गाडीत मागे कोणी पडले असेल, तर हळू नेऊ का, असे एकदा विचारून घ्या. आमच्यासारख्या जुन्या गाड्या एवढ्यावर पुष्कळ वर्षे चालतात.

उद्या महिन्याचा पहिला शनिवार आहे. नऊची बस बंधाऱ्यावर थांबेल आणि ताई सावकाश उतरेल. दर वेळी ती स्वतःची उशी घेऊन येते, कारण दुसऱ्या उशीवर तिला झोप येत नाही. जुनी, कापसाची, चांगली जडच असेल. काका पुढे होऊन ती तिच्या हातातून घेतात आणि माझ्या पलंगावर काकींच्या उशीशेजारी ठेवतात. ती किती किलोची आहे, हे त्यांना आजही ठाऊक नाही.